कुस्तीचे फोटो सगळे धुरकट. मॅन्युअलवर काय चुकतंय?

तालमीपुढचं दुकान (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या दुकानासमोरच गावची तालीम आहे, भाचा तिथंच घुमतो. त्याच्यासाठी म्हणून गेल्या वर्षी कॅनन १५००डी सेकंडहँड घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. ऑटोवर फोटो बरे यायचे. पण जो तो म्हणाला, खरा फोटोग्राफर मॅन्युअलवर काढतो. म्हणून सगळं मॅन्युअल केलं आणि तिथनं इस्कोट झाला.

परवा शेजारच्या गावात जत्रेचं मैदान होतं. भाच्याची कुस्ती साडेपाचला लागली. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती तिखट ते) १०० ठेवला होता (एका व्हिडिओत सांगितलेलं, वर गेलं की फोटोत दाणे येतात), एफ ५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तर उजेड जास्त), झूम २०० च्या आसपास. फोटो काळे यायले म्हणून शटर (पडदा किती वेळ उघडा राहतो ते) खाली खाली आणत १/६० सेकंदावर नेलं, तेव्हा कुठं उजेड पुरला. एकशे चाळीस फोटो काढले. भाच्यानं ढाक मारली तो फोटो बघा: मागच्या हलगीवाल्याच्या मिशा मोजता येतात, आणि पैलवान दोघं म्हणजे मातीत सांडलेलं पाणी. काही फोटोंत तर सगळंच हललेलं. फ्लेक्सवाला म्हणतो, "हे मोठं केलं तर कोण जिंकलं ते पण कळायचं न्हाई."

लेन्स खराब आहे काय? का माझा हात?

जुना स्टुडिओवाला (शहापूर, बेळगाव)

लेन्सला बोल लावू नका. हलगीवाल्याच्या मिशा दिसतात म्हणजे लेन्स ठणठणीत आहे.

एक विचारतो, रागावू नका. "सगळं मॅन्युअल केलं" म्हणताय, तर लेन्सच्या अंगावरचं बारकं बटण पण एमएफवर सरकवलंत काय? तसं असेल तर निम्मं दुखणं तिथंच आहे. वरच्या चक्रीवरचा एम म्हणजे शटर, अॅपर्चर (तो एफचा आकडा), आयएसओ तुमच्या हातात. लेन्सवरचा एमएफ म्हणजे फोकसची रिंग हातानं फिरवायची. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मी चाळीस वर्षं ह्या धंद्यात आहे, पण लोळणाऱ्या पैलवानावर हातानं फोकस धरायला मला सांगू नका. लेन्सवरचं बटण एएफवर न्या, म्हणजे फोकस कॅमेरा धरतो. मेनूत एआय सर्व्हो निवडा, म्हणजे फोटो काढायचं बटण अर्धं दाबून धरलं की फोकस पैलवानाच्या मागं मागं जातो. फोकसच्या नऊ ठिपक्यांतला मधला एकच चालू ठेवा, तो सगळ्यात तरबेज.

आता धुरकट फोटो वाचायला शिका. फोटोत सगळंच एका बाजूला ओढल्यासारखं दिसलं तर हात हलला. मागचं पुढचं कायतरी लख्ख आणि पाहिजे ते मऊ, तर फोकस चुकला. आणि पैलवानाचा पाय मातीत रोवलेला स्पष्ट, पण हात पुसलेला, तर शटर कमी पडलं. तुमच्याकडं तिन्ही आहेत असं दिसतंय.

झूम २०० वर १/६० ला हलगीवाला स्पष्ट आला तो लेन्समधल्या स्टॅबिलायझरच्या कृपेनं, आणि बाबा एका जागी उभा होता म्हणून. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, पैलवानाला धरून ठेवत नाही. कुस्तीला १/५०० पाहिजेच.

ते कसं मिळणार? आयएसओ १०० चा २००, ४००, ८००. तीनदा दुप्पट. शटर १/६० वरनं १/१२५, १/२५०, १/५००. तेवढाच उजेड, हिशेब मिटला. आमच्या वेळी ४०० चा रोल घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत ४००च. तुमच्याकडं फिरवायला चक्री आहे आणि तुम्ही ती १०० वर बांधून ठेवलीत! दाणे आले तर येऊ देत, फ्लेक्सवर चार हात लांबनं कोण दाणे मोजतंय. हललेला फोटो मात्र कुठल्याच लांबीवरनं सुधारत नाही.

कणकुंबीचा पाऊस

काकांचं बहुतेक पटलं, पण "खरा फोटोग्राफर मॅन्युअलवर" हे ज्यानं सांगितलं त्याला एकदा जांबोटीच्या रस्त्याला धनेशामागे पळायला लावा. झाडाखालून तो उजेडात आला की तीन चक्र्या फिरवेपर्यंत पक्षी गोव्यात. मी कॅमेऱ्याची चक्री 'Tv' ह्या खुणेवर ठेवतो, शटर मी ठरवतो, आयएसओ ऑटो. कुस्तीत ऊन-सावली सारखी बदलत असेल तर तुम्हीही तेच करा.

ट्रायपॉड मात्र कुस्तीला निरुपयोगी. तो धबधब्याला. तिथं स्टॅबिलायझर बंद करायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा, कारण बटण दाबल्यानंही कॅमेरा हलतो. एकदा गोकाकच्या झुलत्या पुलावर ट्रायपॉड लावून बसलो होतो. माझं टायमरबियमर सगळं व्यवस्थित, आणि पलीकडून एक कुटुंब पोरंबाळं घेऊन चालत आलं. बावन्न मीटरचा धबधबा जागेवर होता, पूल नव्हता.

पावसात कॅमेरा एसी गाडीतून एकदम बाहेर काढू नका. लेन्सवर वाफ धरते आणि माणूस फोकसला शिव्या देत बसतो.

तालमीपुढचं दुकान

काका, बटण एमएफवरच होतं. दोन महिने! बायकोनं वाचलं आणि अजून हसायली आहे.

आज एएफवर टाकून खानापूर स्टँडवर गेलो आणि सुटणाऱ्या बसच्या पाटीवर सराव केला. १/६० ला पाटी म्हणजे नुसती पांढरी रेघ. १/२५० ला अक्षरं आहेत एवढं कळलं. १/५०० ला कन्नड सरळ वाचता आलं, म्हणजे मला जेवढं येतं तेवढं. आयएसओ ८०० चे दाणे शोधून बघितले, मोठं केल्याशिवाय दिसले न्हाईत. एक कंडक्टर विचारून गेला, कुठल्या पेपरात देणार म्हणून.

आता एवढंच सांगा: मोठ्या जोडी रात्री दिव्याखाली लागतात. तिथं ८०० पुरंल काय?

जुना स्टुडिओवाला

नाही पुरायचा. ३२००, ६४०० पर्यंत जावं लागेल. नाहीतर ५० ची एफ १.८ वाली लेन्स बघा, एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. पण पूर्ण उघडलीत तर नाक स्पष्ट आणि कान मऊ, म्हणून २.८ च्या आसपास ठेवा. झूम नाही तिला, आखाड्याच्या कडेला बसावं लागेल. स्वस्त एलईडी दिवे असले तर एक फोटो उजळ, एक काळपट असा प्रकार होतो, कारण आपल्या विजेवर ते सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. तेव्हा १/१०० वर या आणि दोघं पैलवान एकमेकांत अडकून क्षणभर थांबतात तेवढाच धरा. तो क्षण कधी येतो ते डोळ्यापेक्षा कानाला आधी कळतं, हलगीचा ठेका बदलतो.

आणि तो मिशावाला फोटो पुसू नका. प्रिंट काढून हलगीवाल्याला द्या. पुढच्या मैदानात कडेला बसायची सोय तोच करेल.