मदत हवी आहे: त्रास देणारा स्वतः मालकच असेल तर तक्रार कोणाकडे करावी?

नमस्कार. माझी भाची एका तालुक्याच्या गावी खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) झाल्यानंतरची ही तिची पहिलीच नोकरी. लॅबमध्ये मालक धरून सात माणसे आहेत आणि त्रास देणारा मालकच आहे. सुरुवात रात्री उशिरा येणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशांनी झाली. पुढे रिपोर्ट तपासण्याच्या निमित्ताने खुर्चीमागे उभे राहून खांद्यावर हात ठेवणे, बाकीच्यांना लवकर घरी पाठवून हिला एकटीला थांबवून घेणे, आणि तिने स्पष्ट नकार दिल्यावर पेशंटसमोर तिच्या चुका काढणे व पगार अडवणे, असे सगळे सुरू झाले. नोकरीला लागताना तिची मूळ प्रमाणपत्रे त्याने ‘जमा’ करून घेतली आहेत, त्यामुळे नोकरी सोडायची म्हटली तरी तिचे हात बांधलेले आहेत.

तिचे वडील म्हणतात, गावात बोभाटा नको, मुकाट्याने काम सोड. तिला मात्र तक्रार करायची आहे आणि मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, एवढे मी वाचले आहे. पण जिथे माणसेच सात आणि आरोप मालकावर, तिथे दाद कोणाकडे मागायची? प्रत्यक्ष पाहणारे कोणी नसेल तर तक्रार टिकते का, आणि तिने आधीच नोकरी सोडली तर तक्रारीचा हक्क जातो का? ती नीट जेवत नाही, झोपत नाही. या मार्गाने गेलेल्या किंवा अशा कामाचा अनुभव असलेल्या कोणी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद:

ताई, मी काही वर्षे अंतर्गत समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून काम करते, त्या अनुभवावरून लिहिते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्यात त्यासाठी समन्वय अधिकारी नेमलेला असतो आणि त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तो कोण हे तहसील कार्यालयात समजले नाही, तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. ‘समितीच नाही’ असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागा. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यात डिसेंबर २०२४मध्ये न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमून या समित्या स्थापन करण्याचे आदेश दिलेले आहेत. अर्ज दिला की त्याची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परतू नका.

मुदत सांभाळा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नये. नोकरी सोडल्याने हक्क जात नाही.

खरी मेहनत अर्जावर घ्या, कारण पुढची सगळी चौकशी त्याच कागदाभोवती फिरते. ‘मालक वाईट वागतात’ असे मोघम लिहू नये. तारीख, अंदाजे वेळ, जागा, त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे, आणि तिने काय उत्तर दिले, हे घटनाक्रमाने लिहावे. शब्द अश्लील असले तरी संकोचून गाळू नयेत. संदेश मोबाइलमधून पुसू नका, मोबाइल बदलू नका, आणि क्रमांक व तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घरच्या कोणाच्या तरी ईमेलवर पाठवून ठेवा. असे प्रकार बहुधा चारचौघांत घडत नाहीत, हे समितीला ठाऊक असते. हजेरीच्या वेळा, अडवलेला पगार, आणि तिने त्या वेळी हे कोणाला सांगितले, हेसुद्धा पुराव्यात धरले जाते. तुम्हाला तिने सांगितले असेल तर तुम्हीही साक्षीदार आहात. कागदपत्रांसह अर्जाच्या सहा प्रती लागतात. समितीपुढे कोणत्याही बाजूला वकील देता येत नाही.

चौकशी चालू असताना तिने लेखी मागितल्यास समिती तीन महिन्यांपर्यंत रजेची शिफारस करू शकते, आणि ती तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते. समेट तिने स्वतः मागितला तरच होतो आणि पैशांच्या बदल्यात तर होऊच शकत नाही; त्यामुळे ‘मिटवून टाका’ म्हणत कोणी मध्यस्थ घरी आला तर त्याला बधू नका. तिच्या वडिलांना सांगा, की तक्रारदाराचे नाव व चौकशीतला मजकूर उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५खाली (लैंगिक छळ) पोलिसांत स्वतंत्र तक्रारही करता येते. एकीमुळे दुसरी अडत नाही.

प्रमाणपत्रांची मागणी स्पीड पोस्टाने लेखी करा आणि त्याची प्रत अर्जाला जोडा. नोटीस पाठवायची असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. झोप आणि जेवण हरपले आहे, तर अर्जाची वाट न पाहता आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तिला बोलू द्या. जिल्ह्यातील सखी केंद्रात (पीडित स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र) प्रत्यक्ष समुपदेशनही मिळते. पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा, पण बोलणे तिचे तिला करू द्या.

अर्जाचा कच्चा मसुदा झाला की मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मी वाचून देते. इथे मात्र तिचे, गावाचे किंवा लॅबचे नाव लिहू नका.