तापोळ्याचा सराव पुरेल का?
साताऱ्याच्या मंडळींनी विचारलंय, कॅनडातल्या जॉन्स्टन सामुद्रधुनीत गाईडसोबत कयाकने (वल्ह्याच्या अरुंद होडीने) ऑर्का (किलर व्हेल) बघायचे तर तापोळ्याचा सराव पुरेल का. वल्हं मारण्यापुरता पुरेल, पण तापोळ्याच्या शिवसागर जलाशयाला भरती-ओहोटी नाही. तिकडे उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि ओहोटीच्या प्रवाहाला भिडला की आखूड, उभ्या लाटा उठतात. म्हणून गाईड सकाळीच निघतात.

तापोळ्यात खरा सराव करायचा तो उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडण्याचा, तोही स्प्रे स्कर्ट (कंबरेभोवती घालून कॉकपिट, म्हणजे बसायची जागा, झाकणारं आवरण) लावून, सोबत जाणकार ठेवून. पुढे वाका, स्कर्टचा लूप (ओढायची पट्टी) आधी पुढे आणि मग वर ओढा, दोन्ही हातांनी कॉकपिटची कड ढकलून बाहेर या. स्कर्ट लावताना लूप आत दबला तर ऐनवेळी सापडत नाही. निघण्याआधी दरवेळी तपासा.

जॉन्स्टनचं पाणी उन्हाळ्यातही साधारण १० अंशांचं. कपडे पाण्याच्या हिशोबाने, म्हणजे लोकर किंवा सिंथेटिक. सुती अजिबात नको. हॅचचं (सामानाच्या कप्प्याचं) तोंड लहान, त्यामुळे एका मोठ्या बॅगेपेक्षा १० लिटरच्या तीन ड्राय बॅगा (पाणी आत न जाऊ देणाऱ्या) बऱ्या.

मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर गाठा, तेव्हा सॅमन माशांमागे ऑर्का येतात. रॉबसन बाइट ही तिथली खाडी ऑर्कांसाठी १९८२ पासून राखीव आहे, आत न्यायचा हट्ट गाईडकडे धरू नका.