विंडोज ७ चा जुना पीसी, पेजमेकर आणि बाबांची सवय: मशीन न बदलता काय करता येईल?

महाल_डीटीपी

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महालात बडकस चौकाजवळ आमचं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीचे कार्ड, मंडळांची पावतीपुस्तकं, अशी कामं. २०१० मध्ये बाबांनी बर्डीवरून पीसी असेंबल करून आणला: कोर टू ड्युओ ई७५००, जी४१ चा बोर्ड, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, ३२ बिटचं विंडोज ७. तोच आजपर्यंत चालू आहे. त्यावर पेजमेकर ७ (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आहे. त्याचं डोंगल, म्हणजे ज्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली, मागच्या पॅरलल पोर्टला लागतं, जुन्या प्रिंटरची रुंद पिन लागायची ना, तिथेच.

"नवा घ्या" हे मला खूप जणांनी सांगून झालं. नवा घेतलाय. विंडोज ११ चा लॅपटॉप शेजारीच आहे, माझं कोरलचं काम त्यावरच होतं. पण बाबा ७२ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते टाइपरायटरवर मराठी शिकले, आणि या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच टाइपरायटरचा कीबोर्ड आहे. रोज संध्याकाळी ५ ते ७ दुकानात येतात आणि पत्रिका स्वतः लावतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी आयकॉन मोठे करून दिले. वर डावीकडे पेजमेकर, त्याखाली "चालू काम", उजव्या कोपऱ्यात "गणपती", ज्यात पत्रिकेच्या माथ्यावर टाकायची सगळी चित्रं आहेत. हे त्यांच्या हाताला पाठ आहे, वाचावं लागत नाही.

मागच्या महिन्यात एका दुरुस्तीवाल्याने डिस्प्लेचा ड्रायव्हर टाकून दिला. रिझोल्यूशन बदललं आणि सगळे आयकॉन डावीकडे गोळा झाले. बाबा दहा मिनिटं पडद्याकडे पाहत बसले, मग काही न बोलता उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. ते मला बघवलं नाही.

आता त्रास सांगतो. चालू व्हायला सहा-सात मिनिटं लागून राहिले. रोज सकाळी घड्याळ १ जानेवारी २००९ वर गेलेलं असतं. ब्राउझर उघडला की प्रत्येक साइट सुरक्षित नाही म्हणतो, क्रोम तर अपडेटच होत नाही. दुपारी पंख्याचा आवाज इतका वाढतो की गिऱ्हाईक विचारतात. मला हे मशीन अजून चार-पाच वर्षं नीट चालवायचं आहे आणि बाबांचा पडदा जसाच्या तसा ठेवायचा आहे. कुठून सुरुवात करू?

धंतोली_कोडर

दादा, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाका, निम्मं दुखणं तिथेच संपेल. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) जाऊन डिस्कचा मोड जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर करा म्हणजे पूर्ण वेग मिळेल. आणि इंटरनेटचं काम या मशीनवर करूच नका. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, म्हणून अपडेट येत नाही. अगदीच लागलं तर फायरफॉक्सची ११५ ईएसआर (लांब मुदतीची आवृत्ती) टाका. तिची मुदत मोझिलाने पुन्हा पुन्हा वाढवली.

बर्डी_हार्डवेअर

धंतोलीवाल्या भाऊंचा एसएसडीचा सल्ला बरोबर, पण एएचसीआयचं थांबा. ई७५०० सोबत येणाऱ्या बहुतेक जी४१ बोर्डांवर खाली आयसीएच७ ही चिप असते. तिच्यात एएचसीआय नसतंच, बायोसमध्ये शोधून सापडणार नाही. आणि ज्या बोर्डावर ते असतं, तिथेही आधी रजिस्ट्रीत एएचसीआयचा ड्रायव्हर चालू न करता मोड बदलला, तर विंडोज सुरू होतानाच निळा पडदा येतो, शेवटी ७बी लिहिलेला. मग लोक घाबरून फॉरमॅट करतात. तुमच्याकडे फॉरमॅट हा शब्दच काढायचा नाही. आयडीई मोडवर एसएसडी टाका, काही बिघडत नाही. अशा मशीनवर सहा मिनिटांचा बूट मिनिटाच्या आत आलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे.

घड्याळाचं कारण सोपं आहे. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२. तो १५ वर्षांत उतरला. मशीन बंद झालं, यूपीएसही बंद केला, की तारीख विसरते. ब्राउझरचा अर्धा त्रासही त्याचाच. साइटचं प्रमाणपत्र २०२५ मध्ये दिलेलं, आणि तुमचं मशीन म्हणतं आज २००९ आहे, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून लागूच झालं नाही. सेल बदलला की बायोसमध्ये तारीख-वेळ घाला. सेल काढण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पॅरलल पोर्टचं सेटिंग तर नक्कीच, कारण तुमचं डोंगल त्यावर आहे.

आता पंखा. दुकानात कूलर असेल ना? नागपूरच्या मे महिन्यात कूलरची ओली हवा आणि रस्त्याची धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमदा बसतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, काढला की खाली राखाडी चटई निघते. इंटेलच्या त्या कूलरला चार कोपऱ्यांत पिना असतात. प्रत्येक पीन बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायची. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी पेस्ट चुन्यासारखी वाळलेली असेल. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. बसवताना तिरप्या समोरासमोरच्या पिना जोडीने दाबा, चारही "टक" वाजल्या पाहिजेत. मग बोर्ड उलटून किंवा बाजूने बघा, पीन मागून पूर्ण बाहेर आली का. एक जरी अर्धवट राहिली तर आधीपेक्षा जास्त तापतो. हातासरशी बोर्डावरच्या कपॅसिटरचे (उभ्या गोल डब्यांचे) माथेही पाहा. सपाट असले तर ठीक, फुगलेले असले तर फोटो टाका.

रॅम ४ जीबी करा. ३२ बिटचं विंडोज सव्वातीनच्या आसपास दाखवेल, तेवढं पेजमेकरला भरपूर झालं. बोर्डावर डीडीआर२ आहे की डीडीआर३ हे जुनी पट्टी काढून सोबत घेऊन गेलात की दुकानदारच सांगेल.

अजून एक. टास्क मॅनेजर उघडून बघा, एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या मागच्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम) ५० टक्के सीपीयू खात बसलेला असेल. दोन कोअरपैकी एक पूर्ण त्यात अडकलेला. बहुतेक वेळा तो विंडोज अपडेट असतो. आता अपडेट येतच नाहीत, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्याला डिसेबल करा.

इतवारी_अक्षरजुळणी

दादा, मी पण डीटीपीच करते, २००४ पासून. तुमच्या बाबांचं वाचून राहवलं नाही.

सगळ्यात आधी पडदा. डेस्कटॉपओके नावाचा फुकट, अगदी लहान प्रोग्रॅम आहे. आयकॉन मनासारखे लागले की त्यात "सेव्ह" करायचं. कधी रिझोल्यूशन बदलून विस्कटले, की एका क्लिकवर होते तिथे जातात. आमच्या दुकानात मी दोन नोंदी ठेवल्या आहेत, एक माझी, एक सासऱ्यांची. बाबांसाठी विंडोज क्लासिक थीम लावा. पारदर्शक काच जाते, खिडकीची कड ठळक दिसते, आणि २ जीबीवर मशीनही हलकं होतं. त्यातच "ॲडव्हान्स्ड" मध्ये जाऊन स्क्रोलबारची रुंदी वाढवा. मोतीबिंदूनंतर माझ्या सासऱ्यांना मोठ्या अक्षरांपेक्षा जाड स्क्रोलबारचा जास्त उपयोग झाला, कारण माउस त्यावर नेमका बसायचा नाही. माउसचा बाणही मोठा काळा करा, पांढऱ्या पानावर पांढरा बाण हरवतो.

हे सगळं डिस्क बदलायच्या आधी करा, म्हणजे नव्या डिस्कवर तसंच उतरेल. विंडोज नव्याने टाकायचं नाही, क्लोन करायचं, म्हणजे आख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवायची. क्लोनझिला फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं. पण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही. तुमची ३२० ची आहे, तर स्वस्त म्हणून २४० ची आणू नका, ४८० ची घ्या. जुनी हार्ड डिस्क पुसायची नाही. तारीख लिहून कपाटात ठेवायची. उद्या नवी बंद पडली तर तीच लावून संध्याकाळी बाबांना बसवता येईल.

फाइलींचं मनावर घ्या. आपले जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नाहीत. आत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले आहेत. फॉन्ट नसेल तर "चि.सौ.कां." च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइन (त्याच्या जागी आलेलं नंतरचं सॉफ्टवेअर) उघडायचं, पण सीएस६ पर्यंतच. पुढच्या आवृत्त्या उघडत नाहीत. म्हणून ज्या पत्रिका ठेवण्यासारख्या आहेत त्यांच्या आत्ताच पीडीएफ करा, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलीतच बसवून. शोधता येणार नाहीत, पण दिसतील जशा छापल्या तशा. फाइलच्या नावात आडनाव आणि साल इंग्रजीत टाकलं की शोधायची सोय होते.

आणि पेनड्राइव्ह. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह सरळ त्या मशीनला लावू नका. शॉर्टकट व्हायरस अजून फिरून राहिला आहे. फोल्डर लपवतो, त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो, आणि आपण डबल क्लिक केलं की आत शिरतो. मॅटर लॅपटॉपवर घ्या, तपासा, आणि दुकानाच्या स्वतःच्या एका पेनड्राइव्हने इकडे आणा. नेटची वायर तर काढूनच टाका. २०१७ च्या मे मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा सर्वात जास्त बाधित मशीन विंडोज ७ चीच होती, आणि दुरुस्ती दोन महिने आधी येऊन पडली होती. आता तर दुरुस्तीच येत नाही.

महाल_डीटीपी

तिघांचेही मनापासून आभार. काल दुकान बंद झाल्यावर बसलो. सेल बदलला, आज सकाळी तारीख बरोबर होती. पंख्याखाली खरंच चटई निघाली, बोटाच्या पेराएवढी जाड. कपॅसिटर सपाट आहेत. बायोसमध्ये एएचसीआय सापडलं नाही, भाऊ म्हणाले तसंच. अपडेटची सर्व्हिस बंद केली आणि पंखा शांत झाला, हे तर मला अपेक्षितच नव्हतं.

ताई, स्क्रोलबार जाड केला. बाबांना काही सांगितलं नव्हतं. आले, बसले, एक पत्रिका खालपर्यंत सरकवली, परत वर आणली, परत खाली. मग म्हणाले, "आज माउस चांगला चालून राहिला." आयकॉन मी आठवून आठवून लावले होते, "गणपती" मात्र चुकून एक घर खाली गेला होता. त्यांनीच ओढून वर नेला. त्यानंतर डेस्कटॉपओकेमध्ये सेव्ह केलं.

४८० ची एसएसडी आणली आहे, रविवारी क्लोन करतो. एकच विचारायचं राहिलं, तेव्हा डोंगल लावलेलंच ठेवू की काढू?

बर्डी_हार्डवेअर

काढून ठेवा, पण मशीन बंद करून, मागची मेन वायरही काढून. पॅरलल पोर्टचं काहीही चालू मशीनवर काढायचं-घालायचं नसतं, बोर्डाचा पोर्ट जातो आणि डोंगलही जाऊ शकतं. दोन्ही बाजूंचे स्क्रू पूर्ण सैल करूनच ओढा. क्लोन झाला की आधी जुनी डिस्क काढा, नुसती नवी ठेवून एकदा चालू करून बघा, मग बंद करून डोंगल लावा. दोन्ही डिस्क एकत्र लावून पहिल्यांदा सुरू करू नका, ड्राइव्हची अक्षरं उलटसुलट होतात.