भत्ता दिला की माणूस आळशी होतो?

एकांनी लिहिलंय, "बेकारी भत्ता दिला की लोक आळशी होतात." ही शंका शंभर वर्षं जुनी आहे. ब्रिटनने १९११ च्या कायद्याने बेकारी विमा आणला तेव्हा भत्ता मुद्दामच तुटपुंजा ठेवला होता: आठवड्याला ७ शिलिंग, तेही वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. आणि फक्त बांधकाम, जहाजबांधणी अशा मोजक्या धंद्यांना, जिथे कामगार कितीही कष्टाळू असला तरी मंदीत रिकामा बसायचाच. पैसे कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांच्या खिशातून. म्हणजे खैरात नव्हे, विमा. (आगीचा विमा काढलेले सगळेच काही स्वतःचं घर पेटवत नाहीत. एखादा पेटवतो, मान्य.)

मला अडचण दिसते ती वेगळीच. ही रचना मालक कोण ते ठाऊक असेल तरच चालते. ॲपवर राबणाऱ्याला कंपनी 'भागीदार' म्हणून मोकळी होते. मग मालकाचा हप्ता भरायचा कोणी?

राहता राहिलं डेन्मार्कचं उदाहरण, कामगार कायदे लवचीक करा म्हणणारे देतात ते. तिथे कामावरून काढणं सोपं आहे, पण त्याच्या जोडीला भरघोस भत्ता आणि प्रशिक्षणही आहे. त्यांना त्यातला पहिला भाग तेवढा पाठ असतो.