घरच्या स्टुडिओसाठी पहिला लाइट: तीन लाइटचं किट, एलईडी की एकच फ्लॅश? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरातल्या एका खोलीत फोटोंसाठी छोटा स्टुडिओ मांडतोय. लाइट पहिल्यांदाच घेणार आहे आणि निवड करताना अडलोय. काम दोन प्रकारचं आहे. बायको मातीची भांडी घडवते, बहुतेकांवर चकचकीत ग्लेझ असतं. त्यांचे फोटो तिच्या मेहनतीला शोभतील असे यावेत ही मनापासून इच्छा आहे. दुसरं काम म्हणजे आमच्या अडीच वर्षांच्या मुलीचे पोर्ट्रेट, आणि ती एका जागी क्षणभर टिकत नाही. व्हिडिओ सध्या नको.

खोली साधारण ३ बाय ४ मीटर, छत २.७ मीटरवर, भिंती आणि छत पांढरंच, एका बाजूला मोठी खिडकी. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस, सोबत किट लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८. ट्रायपॉड आहे. बजेट कॅमेरा बॉडीच्या किमतीच्या फार तर पाव हिस्सा.

समोर तीन पर्याय आहेत. पहिला, तीन सॉफ्टबॉक्स (समोर पांढरं कापड असलेली, उजेड मऊ करणारी पेटी), बल्ब, स्टँड आणि मागचा पडदा असं सगळं एकत्र मिळणारं किट. दुसरा, बोवेन्स माउंटचा (लाइटला सॉफ्टबॉक्स वगैरे जोडायची एक प्रचलित कडी) ६० वॉटचा एकच एलईडी. तिसरा, मॅन्युअल स्पीडलाइट (बॅटरीवर चालणारा छोटा फ्लॅश), तो कॅमेऱ्यावरून बिनतारी उडवणारा रेडिओ ट्रिगर, स्टँड आणि एक छत्री किंवा सॉफ्टबॉक्स.

मी एक हिशोब मांडलाय, तो जाणकारांनी तपासावा. ६० वॉटचा एलईडी १/१२५ सेकंदात साधारण अर्धा ज्यूल वीज वापरतो. मोठा स्पीडलाइट पूर्ण ताकदीवर एका झटक्यात ६० ज्यूलच्या आसपास ऊर्जा सोडतो. तेवढ्याच विजेतून एलईडी जास्त उजेड देतो हे धरलं तरी फरक कित्येक स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उरतो. म्हणजे पळत्या मुलीसाठी एलईडी वापरला तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, बराच चढवावा लागेल. भांडी मात्र हलत नाहीत. ट्रायपॉडवर अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर दिलं तरी चालतं, तिथे ताकदीचा प्रश्नच नाही. उलट एलईडीत चमक कुठे पडते ते डोळ्यांना आधीच दिसतं, फ्लॅशमध्ये दिसत नाही. दोन कामं दोन दिशांना ओढतायत आणि पैसे एकाच लाइटपुरते आहेत.

तर एकाच फ्लॅशवर दोन्ही कामं नीट होतील का? इतक्या लहान, पांढऱ्या खोलीत छत्री बरी की सॉफ्टबॉक्स? आणि टीटीएल (कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) नसलेला स्वस्त फ्लॅश घेतला तर पुढे अडेल का?

प्रतिसाद १

हिशोब बरोबर आहे. फ्लॅशच घ्या.

आधी मुलीबद्दल, कारण निर्णय तिच्यामुळे होतो. स्पीडलाइटची ताकद कमी केली की त्याचा झटकाही छोटा होतो. १/८ ताकदीवर तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतो. पळणारं मूल गोठवतो तो झटका, शटर नाही. पडदा ओढून घ्या म्हणजे खिडकीचा उजेड त्यात मिसळणार नाही.

आणि तिच्यासाठी सॉफ्टबॉक्स वापरूच नका. लाइट १ मीटरवर असताना मूल ३० सेंटीमीटर पुढे सरकलं की त्याच्यावर दुप्पट प्रकाश पडतो, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दर फोटोला ताकद कुठे बदलत बसणार? त्यापेक्षा फ्लॅश स्टँडवर लावून त्याचं तोंड बाजूच्या पांढऱ्या भिंतीच्या वरच्या भागाकडे करा. अख्खी भिंत लाइट होते, सावल्या मऊ पडतात आणि मूल मीटरभर इकडेतिकडे गेलं तरी एक्स्पोजर फारसं हलत नाही. आयएसओ ४००, एफ/४, १/२०० आणि १/८ ताकद इथून सुरुवात करून बघा. पांढऱ्या भिंतींची खोली ही तुमची जमेची बाजू आहे, तिचा फायदा घ्या.

भांड्यांचं गणित वेगळं आहे. ग्लेझ म्हणजे काच. लाइटचा आकार जसा असेल तसाच तो भांड्यावर उमटतो. परावर्तक छत्री वापरलीत तर तिच्या काड्या आणि मधला फ्लॅशसुद्धा भांड्याच्या पोटावर दिसेल. म्हणून ६० बाय ९० सेंटीमीटरचा चौकोनी सॉफ्टबॉक्स घ्या. तो आणि भांडं यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरं कापड ताणून लावलंत तर चमकेची कडा कापल्यासारखी न दिसता हळूहळू विरत जाते, आणि भांड्याची गोलाई तिथेच खुलते. चमक कुठे पडेल हे बघायला लाइट चालू असण्याची गरज नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, कुणालातरी मोबाईलचा टॉर्च हातात धरून फिरवायला सांगा आणि स्वतः लेन्सच्या जागेवरून बघा. ठिपका हवा तिथे दिसला की लाइट त्या दिशेला ठेवायचा.

समोरच्या बाजूला पांढरा फोम बोर्ड ठेवलात तर दुसऱ्या लाइटची उणीव जाणवणार नाही. पांढऱ्या खोलीत उलट त्रासही होतो: उजेड चहूकडून परत येतो आणि फोटो सपाट होतो. तेव्हा बोर्डाच्या जागी काळं कापड टांगा. ग्लेझवर कडेला एक गडद रेघ येते आणि भांडं पार्श्वभूमीपासून सुटून दिसतं. मला स्वतःला भांड्यांचे फोटो असेच आवडतात.

टीटीएल दोन्ही कामांना लागत नाही. वाचलेले पैसे चांगल्या स्टँडवर घाला.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, फक्त तयार किटबद्दल थोडं सांगतो, कारण नवीन माणूस तिथेच ओढला जातो. अशा स्वस्त किटच्या जाहिरातीत बऱ्याचदा 'समतुल्य' वॉट छापलेले असतात. बल्ब प्रत्यक्षात किती वॉटचा आहे ते बारीक अक्षरात शोधावं लागतं. सीआरआयचा (लाइटमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा, १०० पैकी) आकडा दिलेला नसेल तर ते किट सोडूनच द्या. ग्लेझचे हिरवे-निळे रंग हुबेहूब यायला हवे असतील तर सीआरआय ९५ च्या पुढचा लाइट लागतो. फ्लॅशच्या नळीचा प्रकाश मुळातच दिवसाच्या उजेडाजवळचा, ५५०० ते ६००० केल्विनच्या आसपासचा असतो, त्यामुळे ती काळजी उरत नाही. शिवाय अशा किटचे स्टँड हलके असतात. धावतं मूल आणि हलका स्टँड हे एकत्र नकोच.

एक विचारू का? भांड्यांचे फोटो कोण काढणार, तुम्ही की वहिनी?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भिंतीचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. भांड्यांचे फोटो बहुतेक वेळा ती स्वतः काढेल, दिवसा, एकटीच. तिला सेटिंगमध्ये अडकायला आवडत नाही.

प्रतिसाद २

मग त्यांच्यासाठी सध्या लाइटच नको. खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावा, टेबल खिडकीला काटकोनात ठेवा, समोर फोम बोर्ड. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८ आणि दोन सेकंदांचा टायमर. खोलीतले दिवे बंद करायचे, नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळतो आणि पांढरं ग्लेझ एका बाजूने पिवळं दिसतं. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी तुम्ही फ्लॅश लावून द्या. त्यांचं काम वाढलं की एलईडी घ्या; बोवेन्स माउंटच्या ब्रॅकेटवर बसणारा सॉफ्टबॉक्स आत्ता घेतलात तर तोच तेव्हा बोवेन्स माउंटच्या एलईडीलाही चालेल.

प्रतिसाद १

हे माझ्यापेक्षा चांगलं सुचवलंत. वहिनींसाठी खिडकीच ठीक.

ट्रिगर घेताना मात्र तो तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचाच आहे ना ते बघा, आणि फ्लॅशच्या आतच त्या ट्रिगरचा रिसीव्हर असेल असा फ्लॅश निवडा. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: कॅननच्या १५००डी किंवा २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन नसते, त्यांच्यावर साधा एका पिनचा ट्रिगर चालत नाही.

मिररलेसवर आणखी दोन गोष्टी. सायलेंट शटर बंद ठेवा, बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर फ्लॅश उडतच नाही. आणि मेनूमधलं एक्स्पोजर प्रीव्ह्यू (फोटो किती उजळ येईल ते स्क्रीनवर आधीच दाखवणारी सोय) बंद करा, नाहीतर एफ/८ आणि १/२०० ला स्क्रीन काळी दिसेल आणि फ्रेम जुळवता येणार नाही.

स्टँड उघडताना एक पाय सॉफ्टबॉक्स झुकतो त्या दिशेला ठेवा आणि खाली चार-पाच किलोची वाळूची पिशवी अडकवा. मुलगी खोलीत असताना पिशवी काढायची नाही.

धागाकर्ता

ठरलं. मॅन्युअल स्पीडलाइट, ट्रिगर, बोवेन्स ब्रॅकेट, ६० बाय ९० चा सॉफ्टबॉक्स, जड स्टँड आणि फोम बोर्ड. ट्रेसिंग पेपर आज संध्याकाळीच खिडकीला लावतो. भांड्यांचे पहिले फोटो इथेच टाकेन, चमक कुठे चुकली ते स्पष्ट सांगा.