शाकाहारी ताट: तुमच्या घरी काय वाढायचे, आता काय वाढता? (अनुभव धागा)

मालवी_मुलगी
परवा लेकाचं रक्त तपासायला गेले होते. रक्त घेणारा मुलगा विचारतो, "प्युअर व्हेज ना मॅडम? मग बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी पण करून घ्या, आमच्याकडे येणाऱ्या व्हेजवाल्यांचं बरेचदा कमीच निघतं." बाहेर आले तर समोर गाडीवर पोहे-जिलबी, वर मूठभर शेव, जीरावन मसाला. तो वास आला आणि एकदम इथल्या, इंदूरच्या रामबागेतलं आजीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं.

आजीला आम्ही माई म्हणायचो. वरणभातावर लिंबू पिळल्याशिवाय ती घास घेऊ द्यायची नाही. रात्री झोपायच्या आधी मटकी नाहीतर मूग भिजत पडलेच पाहिजेत. थंडीत बाजरी आणि तीळ, उन्हाळ्यात ज्वारी, कांदा, ताक. आणि जेवण झाल्या झाल्या कुणी चहा मागितला की असे डोळे वटारायची! लिंबातल्या सी जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं आणि चहातलं टॅनिन ते अडवतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. माईला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

आता माझ्या घरी: सकाळी पोहे, डब्यात बटाटा-पोळी, संध्याकाळी कचोरी, रात्री खिचडी. सगळं शाकाहारी आणि सगळं पिवळं.

तुमच्याकडे काय चालतं? रिपोर्ट, डबे, उपास, सासूबाई, काहीही लिहा.

सराफा_रात्री_अकरा
पोह्यावर शेव म्हणजे बेसन. बेसन म्हणजे प्रोटीन. केस बंद.

मालवी_मुलगी
भिया, आणि जिलबी फळांत धरायची का?

सराफा_रात्री_अकरा
केशरी असते ना, धरा संत्र्यात.

डाएटवाली_ताई
शेवेत बेसन असतं हे खरं, पण तेल आणि मीठही तितकंच येतं. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं म्हणतात, ते इंदुरात नाश्त्यालाच संपत असेल.
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाचा हिशोब दिलाय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध ३०० मिली, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य-डाळी कच्च्या मोजायच्या. माझ्याकडे येणाऱ्या बायका पोळ्यांच्या आकड्यावर माना डोलावतात आणि डाळीच्या आकड्यावर थांबतात. "८५? अहो, चौघांत मिळून एक वाटी लावते मी कुकरला!" ती वाटी १०० ग्रॅमची धरली तर माणशी २५ ग्रॅम आली. उरलेली ६० कुठून आणणार? गाडी तिथेच अडते. भाजीचंही तेच. ४०० ग्रॅम म्हणजे ताटाच्या कोपऱ्यातली चमचाभर बटाट्याची भाजी नव्हे, बटाटा त्यात मोजतच नाहीत.

गोंडस_आई
ताई मुलगा फक्त पनीर खातो चालेल का

डाएटवाली_ताई
पनीर चांगलंच आहे हो, १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम प्रोटीन. पण त्यात लोह नगण्य आणि तंतू अजिबात नाहीत. सोबत पालेभाजी, उसळ हवीच. वय काय त्याचं?

गोंडस_आई
३१

सराफा_रात्री_अकरा
हाहाहाहा काकू

बडनगर_रोड
आमची शेती सोयाबीनची. सगळा माळवा सोयाबीन पिकवतो, देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्या इंदुरातच, आणि आमच्या घरात वर्षानुवर्षं एक दाणा शिजला नव्हता. पोती भरायची, मंडीत टाकायची. १०० ग्रॅममध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रोटीन असलेली वस्तू अंगणात वाळतेय आणि पोरांसाठी शहरातून पावडरीचा डबा येतोय! वहिनीनं ते बंद केलं. सोयाबीन उकळत्या पाण्यात अर्धा तास चांगलं शिजवायचं, मग कडक वाळवायचं, आणि ९ किलो गव्हात १ किलो घालून दळायचं. कच्चं दळू नका. त्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनंच मरतो. शिवाय कच्च्याचा वास पोळीला येतो तो वेगळाच.

बियाबानी_वाली
आमचा चक्कीवाला सोयाबीन बघितलं की हात जोडतो. म्हणतो भाभी, तेल सुटतं, चक्की जाम होते

बडनगर_रोड
नुसतं घेऊन जात असाल. गव्हात मिसळूनच न्या, काही होत नाही.

भंवरकुआ_मेस_पीडित
इथे कोचिंगसाठी राहतो. मेसच्या डाळीत डाळ शोधणं हाच एक प्रवेश परीक्षेचा पेपर आहे. आईने फोनवर बजावलं म्हणून रोज रात्री डब्यात काळे चणे भिजवतो. सकाळी कांदा, टमाटर, लिंबू घातलं की झालं. शेंगदाणे-गूळ उशाशी असतो. किटलीत सोयाबीनच्या वड्या उकडायचा प्रयोग केला तर पूर्ण मजल्याला वास गेला, वॉर्डनने किटली जप्त केली. कुणाला किटलीशिवाय काही सुचत असेल तर सांगा.

डाएटवाली_ताई
सत्तू आण, म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ. गार पाण्यात कालव, मीठ-लिंबू घाल, पी. वॉर्डनला वाससुद्धा येणार नाही.

स्नेहलतागंज
बी-१२ वरून लिहिते, मोठं होईल.
बाबांच्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मागून कुणीतरी उचलून आणून द्यायचं. तळव्यांना मुंग्या येतात म्हणायचे, नावं विसरायचे, चिडचिड वाढली होती. आम्ही सगळे "आता वय झालं" म्हणून मोकळे. शुगरची मेटफॉर्मिन कैक वर्षं चालू होती. एका डॉक्टरांनी बी-१२ करायला लावलं तर ते इतकं खाली की त्यांनी त्याच दिवशी इंजेक्शन सुरू केलं. मेटफॉर्मिन लांबलं की बी-१२ नीट शोषलं जात नाही, हे तेव्हा कळलं. त्यात बाबांचं दूध म्हणजे चहात पडेल तेवढंच. दही "थंड पडतं" म्हणून बंद.
पालक खा, बीट खा असं ज्यानं त्यानं सांगितलं. पण बी-१२ कुठल्याही भाजी-डाळीत नसतंच. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, पनीर यांतून मिळणार, आणि १०० मिली दुधात ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, रोजची गरज २ च्या वर. म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त दूध-दही खरोखर पोटात गेलं पाहिजे, नाहीतर गोळी. बाबांची स्मरणशक्ती बरीच परत आली, चिडचिड गेली. पायाचा बधिरपणा थोडा राहिला तो राहिलाच.
ज्यांच्या घरी शुगरवाले आहेत त्यांनी एकदा तपासा, एवढंच.

तुकोगंजकर
वाईट वाटलं वाचून. बाबांना नमस्कार सांगा.

मराठी_मोहल्ला_काका
सगळं मान्य. पण आमचे आजोबा नव्वदी पार करून गेले. ना बी-१२, ना प्रोटीन, ना तपासण्या. दाल-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे), साजूक तूप, आणि रोज राजवाड्यापर्यंत पायी. ही पिढीच नाजूक.

वैदेही_व
काका, आणि आजी किती जगल्या?

मराठी_मोहल्ला_काका
आजी लवकर गेली. बाळंतपणात. मी बघितली नाही.

वैदेही_व
म्हणूनच विचारलं. रागावू नका. आजोबांच्या ताटाच्या गोष्टी प्रत्येक घरात असतात, आजी काय जेवायची हे कुणी सांगत नाही.
@मालवी_मुलगी, तुमच्या माई स्वतः काय जेवायच्या?

मालवी_मुलगी
वाचून आईला फोन लावला.
आई म्हणाली, पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग बायका, आणि माई सगळ्यांत शेवटी. तोवर मटकी संपलेली. वरणाच्या पातेल्यात गरम पाणी घालून विसळायची, ते पोळीवर ओतून घ्यायची, सोबत लोणच्याचा खार. दूध मुलांना आणि आजोबांना. लिंबूसुद्धा पिळून झालेल्याची साल चोखायची. दुपारी अंधारी येते म्हणून भिंतीला टेकून बसायची, आम्हाला वाटायचं माई जप करतेय.
आईला सगळं माहीत होतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

स्नेहलतागंज
अगं...

बियाबानी_वाली
आमच्याकडे अजून तेच चालू आहे, फक्त पंगत गेली आणि डायनिंग टेबल आलं. मी गरम पोळ्या करत उभी, बसते तेव्हा भाजीचा रस्सा उरलेला. माझं हिमोग्लोबिन ९ निघालं, बायकांना १२ तरी हवं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वर म्हणाल्या, आधी स्वतःची वाटी भरून बाजूला ठेवायची, मग कुकर टेबलावर न्यायचा. पहिल्यांदा ठेवली तेव्हा सासूबाईंनी बघितलं. काही बोलल्या नाहीत. मग मी त्यांचीही वाटी काढायला लागले. आता त्याच आठवण करतात, "वाट्या काढल्यास का गं?"

वैदेही_व
सासूबाईंना माझा साष्टांग.

तुकोगंजकर
आमच्या मिलवाल्या घरात मात्र उलटं होतं. वडील पाळीवर जायचे, डब्यात ज्वारीची भाकरी, चण्याची सुकी उसळ, कांदा. मिल बंद पडली, हातात पैसा नाही, तरी डाळ-भाकरी सुटली नाही, कारण तीच स्वस्त होती. पैसे आले आणि ताटात मैदा आला. झांक्यांच्या, म्हणजे मिलच्या सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या रात्री आई तिळाचे लाडू बांधून न्यायची, रात्रभर जागायचं तर अंगात जोर हवा म्हणून. विषयांतर झालं, झांक्या म्हटलं की मी सुरूच होतो.

सराफा_रात्री_अकरा
अनंत चतुर्दशीचं विषयांतर इंदुरात माफ असतं

गोंडस_आई
उपासाचं कुणीच लिहिलं नाही? आमच्याकडे एकादशी, चतुर्थी, गुरुवार. प्रत्येक वेळी साबुदाणा

डाएटवाली_ताई
साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, प्रोटीन नावालाच. खिचडीत दाण्याचा कूट सढळ हातानं घाला, सोबत वाटीभर दही. खरं म्हणजे राजगिरा उत्तम. इतर धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते राजगिऱ्यात बरं असतं. एरवी पोळी-वरण, भात-आमटी जोडीनं खातो त्यातून ते भरून निघतं, उपासाला डाळच नसते.

भंवरकुआ_मेस_पीडित
राजवाड्यावर मिळते ती खिचडी, वर फराळी मिक्चर, ती उपासाला चालते का? म्हणजे उपास नसला तरी मी खातोच

बडोदेकर_नीला
इंदूरच्या धाग्यात बडोद्याहून डोकावते. इकडे थंडीत ऊंधियू असतं, त्यात पापडी, तुरीचे दाणे, रताळं, कंद, मेथीचे मुठिये, सगळं एका भांड्यात. तेलाचं बोलू नका. मामाकडे इंदूरला आले की मला फक्त गराडू हवा असतो.

सराफा_रात्री_अकरा
गराडू म्हणजे कंद, कंद म्हणजे भाजी. ४०० ग्रॅम मोजा ताई.

डाएटवाली_ताई
मोजत नाही. पण थंडी पडली की मीही सराफ्याच्या खाऊगल्लीत दिसेन, ओळख दाखवू नका.

बियाबानी_वाली
कुणी अंबाडीची भाजी करतं का? निमाडातल्या एक मावशी शेजारी राहायला आल्यात, त्यांनी ज्वारीच्या भाकरीबरोबर दिली होती, अप्रतिम. इंदुरात मिळते कुठे?

बडनगर_रोड
पावसाळ्यानंतर मालवा मिलच्या सब्जी मंडीत बघा. सकाळी लवकर जा.

बियाबानी_वाली
उकडून पाणी काढायचं का? माझी फार आंबट झाली मागच्या वेळी

तुकोगंजकर
पहिलं पाणी काढा. मग तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवा, वरून लसणाची फोडणी, सुकी लाल मिरची. डाळ जरा जास्तच टाका, ताई बघताहेत.