नळाला आठ दिवसांनी पाणी, सुरुवातीला गढूळ आणि वास येतो. आरओ घेऊ का?

सांजवात:

नमस्कार मंडळी, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव आहे आमचं, नाव टाकत नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, कधी दहा, उन्हाळ्यात पंधरा पण झालेत. वेळ ठरलेली नाही, रात्री दोनला सुद्धा सुटतं, ग्रुपवर वॉलमनचा मेसेज आला की उठायचं आणि हंडे, कळश्या, दोन पिंपं, वरची हजार लिटरची टाकी सगळं भरून घ्यायचं. टाकी अर्ध्यावर आली की मग वापरायला त्यातच बोअरचं सोडतो, सगळेच करतात तसं. इतकी वर्षं हेच नळाचं पाणी फडक्यानं गाळून पीत आलो, कधी काही वाटलं नाही. पण या पावसाळ्यात पहिली पाच-सात मिनिटं चहासारखं गढूळ येतंय आणि गटारीचा वास, मग हळूहळू स्वच्छ होतं. आणि एखाद्या वेळी उलटं, ब्लिचिंगचा इतका वास की चहा पण घशाखाली उतरत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत तिघांना कावीळ झाली, त्यातला एक माझा मुलगा, नऊ वर्षांचा. आता बरा आहे, शाळेत जायला लागलाय, पण ते हळदीसारखे पिवळे डोळे आणि भाताचा घास बघूनसुद्धा उलटी करणारं पोर माझ्या नजरेसमोरून जात नाहीये. डॉक्टर म्हणाले पाण्यातून झालं. घरात जाऊबाईंना सातवा महिना चालू आहे त्यामुळे आणखीनच भीती वाटतेय.

परवा आरओवाला आला होता. टीडीएस ६४० दाखवला, मग आमच्या पाण्याच्या ग्लासात काड्यांचं मशीन बुडवून बटण दाबलं तर दोन मिनिटांत पाणी तपकिरी, वर फेस, आणि त्यानं आणलेलं आरओचं पाणी तसंच्या तसं. चौदा हजार सांगतोय. मिस्टर म्हणतात आरओ नको, वीस लिटरचे जार लावू. सासरे म्हणतात तुरटी फिरवा, आमचं आयुष्य त्यावर गेलं. मला नेमकं कशाला घाबरायचं हेच कळेना झालंय, कुणी नीट सांगेल का?

जुनाफिल्टरवाला:

ताई, ३१ वर्षं फिल्टरहाऊसला (गावाचं पाणी शुद्ध करतात तिथं) काढली, तुमच्या नाही दुसऱ्या गावाच्या, आता रिटायर आहे. सगळ्यात आधी जाऊबाईंचं. त्यांना आजपासून उकळलेलंच पाणी द्या. बुडबुडे चांगले खदखदून आले की एक-दोन मिनिटं तसंच उकळू द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा, दुसऱ्या भांड्यात ओतून परत हात बुडवायचे नाहीत. पाण्यातून येणाऱ्या काविळीत एक हिपॅटायटिस ई नावाचा प्रकार आहे, तो शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला फार जड जातो, जिवावर बेततं. तुमच्या गल्लीत कोणता प्रकार होता ते रक्ताच्या रिपोर्टवर असेल तर बघा आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालाच.

आता ते काड्यांचं मशीन. त्यात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या काड्या असतात, करंट सोडला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि तोच गंज तुम्हाला घाण म्हणून दाखवतात. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून करंट वाहत नाही, म्हणून रंग येत नाही. पुन्हा आला तर त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बटण दाबायला सांगा, तेही तसंच तपकिरी होईल.

टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते. आपल्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ५०० पर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. तुमचं ६४०. चव थोडी मचूळ लागत असेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल, पण त्या ६४० मुळे पोराला कावीळ झाली नाही. हंडाभर पाण्यात गटारीचं चमचाभर पडलं तर त्या मीटरवर आकडा हलत पण नाही.

खरी भानगड तुम्हीच लिहिलीय, पहिली पाच-सात मिनिटं. फिल्टरहाऊसला तुरटीचा डोस बसतो, गाळ खाली बसतो, वाळूच्या फिल्टरमधून पाणी निघतं, शेवटी क्लोरीन. तिथून निघताना पाणी चांगलं असू शकतं. पण पुढं लाईन आठ दिवस रिकामी पडून राहते. आपल्याकडे घरोघरची कनेक्शनं गटारीतूनच गेलेली असतात, जुना लोखंडी जीआय पाईप सडलेला, फेरूल (मोठ्या लाईनला घरचा पाईप जोडतात तो जोड) ढिला. पाणी चालू असताना प्रेशर असतं तोवर तिथून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं, लाईन उतरली की आत ओढ तयार होते आणि त्याच भोकातून गटारीचं पाणी आत जाऊन बसतं. पुढच्या वेळी पाणी सुटलं की ते सगळ्यात आधी तुमच्या हंड्यात. त्यात कुणी नळाला डायरेक्ट टिल्लू (पाणी ओढणारी छोटी मोटर) लावला असेल तर तो प्रेशर कमी असताना चालू लाईनीत पण घाण ओढतो, शेजारपाजारच्यांच्या पण वाट्याला. हे लोकांना पटत नाही, रागावतात, तरी सांगतो, टिल्लू काढा.

म्हणून टीडीएस मीटर बाजूला ठेवून ओटी टेस्ट करा. ओटीचं द्रावण आरोग्य केंद्रात असतं. काचेच्या नळीत नळाचं ताजं पाणी घ्यायचं, बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, बिनरंगी राहिलं तर नाही. रंग लगेच बघायचा, थांबून नाही. ते द्रावण विषारी असतं, हाताला लावू नका, पोरांपासून लांब ठेवा. नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला पाहिजे असा नियम आहे. ब्लिचिंगचा थोडा वास आला तर लोक नाक मुरडतात, पण आम्ही तो वास आला की निर्धास्त व्हायचो. अर्थात चहा पिववत नाही इतका येत असेल तर डोस कुणी न मोजता टाकतंय, तेही चूकच.

सासऱ्यांची तुरटी चांगलीच आहे, गाळ खाली बसवते. पण जंतू मारत नाही. तुरटी फिरवा, वरचं नितळ पाणी काढा, मग उकळा.

धायरीकर७:

जारचं पाणी लावण्याआधी एक सांगतो. मी पुण्यात सिंहगड रोडला राहतो. २०२५ च्या जानेवारीत आमच्याकडे, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे पेशंट वाढले, हातापायातली ताकद जाते तो आजार, आमच्या सोसायटीतले एक काका व्हेंटिलेटरवर होते. बऱ्याच पेशंटला आधी जुलाब झाले होते आणि तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. तेव्हा विहिरीपासून टँकरपर्यंत सगळ्याचे नमुने घेतले, त्यात खासगी आरओ प्लांटचे पण, आणि त्यातल्या काहींचं पाणी पिण्यालायक नाही निघालं. आम्ही तोवर डोळे झाकून तिथूनच जार आणायचो!!

बऱ्याच सीलबंद बाटल्यांवर आयएसआय मार्क असतो, तो सुटा गार जार देणाऱ्याकडे बहुतेक नसतोच. जार कशानं धुतो, झाकण कुठं पडलेलं असतं, कुणी विचारत नाही. आणि आरओमधून काढलेल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक राहत नाही, त्यामुळे नंतर एखादा जंतू पडला तर त्याला अडवणारं काही नसतं. आता आम्ही उकळूनच पितो, गॅस जातो थोडा जास्त, जाऊ दे.

पैनगंगा_काठ:

जुनाफिल्टरवाला काकांचं सगळं मान्य, फक्त टीडीएस मीटर बाजूला ठेवा यावर थोडं बोलायचंय. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे किती तरी गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड आहे, माझ्या मावशीच्या गावात माझ्या वयाच्या पोरांचे दात तपकिरी पट्ट्यांचे आणि म्हाताऱ्यांना कंबरेतून ताठ उभं राहता येत नाही. ते पाणी दिसायला आरशासारखं स्वच्छ आणि गोड. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतंच. नायट्रेटचं पण तसंच, रासायनिक खत आणि संडासाच्या खड्ड्यांमुळे बोअरमध्ये उतरतं, तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात असं पाणी गेलं तर बाळ निळं पडतं.

म्हणून ताई, तुम्ही टाकीत बोअरचं मिसळता ते मला जास्त खटकलं. पिण्याचं पाणी त्या टाकीतून घेऊच नका. बोअर तपासून घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षणची पाण्याची लॅब असते, काही तालुक्यांना पण उपविभागीय लॅब आहेत, थोडी फी घेऊन सामान्य माणसाचं पाणी तपासून देतात. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, अगदीच इलाज नसेल तर १.५. नायट्रेट ४५ च्या आत, त्यात सूट नाही. हे जास्त निघालं तरच आरओला अर्थ आहे. नाही तर चौदा हजार घालून, निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडून देणार, ते पण आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात, माझा तर जीव तुटतो.

जंतूंच्या तपासणीला बाटली लॅबमधूनच निर्जंतुक केलेली घ्या, घरची पाण्याची बाटली धुवून नेली तर रिपोर्ट चुकीचा येतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

अंगणातली_जाई:

सांजवात ताई, बाळ बरं झालं वाचून हायसं वाटलं. मी पण आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात वीस वर्षं संसार केलाय म्हणून घरातलं सांगते. आमच्याकडे दोनदा जुलाबाची साथ आली तेव्हा आशाताईंनी बाहेरचं नाही तर आधी घरातलं भांडं दाखवा म्हटलं, आणि पिंपात हात घातला तर आतून बुळबुळीत. दर वेळी वरून नवीन पाणी ओतत होतो, तळाचं शिळं तसंच. तेव्हापासून पाणी सुटणार म्हटलं की पिंप पूर्ण रिकामं करते, काथ्यानं आतून घासते, पाच मिनिटं उन्हात उपडं घालते. आठवड्याला एकदा पूर्ण कोरडं केलं तर डेंग्यूच्या डासाच्या अळ्या पण होत नाहीत.

दुसरं, लांब दांड्याचं ओगराळं. पाहुणे आले, पोरं खेळून आली की तांब्या घेऊन बोटं बुडवून पाणी काढतात, नळाचं कितीही चांगलं असलं तरी तिथंच घाण होतं. मी हंड्याला खाली तोटी बसवून घेतली, पोरांची बोटं बुडणं बंद झालं.

टाकीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकायचं तर हजार लिटरला पाच ग्रॅम, आधी बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी टाकीत ओतायचं, मग अर्धा तास थांबायचं. पावडर गाठी झालेली किंवा वास उडालेली असेल तर तिच्यात दम नसतो. पॅकेट उघडं ठेवू नका.

सांजवात:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, प्रत्येकाचं दोनदा वाचलं आणि सासऱ्यांना पण वाचून दाखवलं. जाऊबाईंचं पाणी त्याच दिवसापासून वेगळं उकळून ठेवतेय. माझ्या मुलाचा रिपोर्ट शोधला, त्यात हिपॅटायटिस ए आहे, बाकी दोघांच्या घरी रिपोर्टच नाहीत. जाऊबाईंच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी रक्त तपासायला घेतलं, सगळं नॉर्मल आलं.

आरोग्य केंद्रातल्या ओळखीच्या सिस्टरकडून ओटीची बाटली आणली. गुरुवारी रात्री पावणेबाराला पाणी सुटलं. आमच्या नळाची पहिली नळी, काहीच रंग नाही. पाच मिनिटांनी, नाही. पंधरा मिनिटांनी अगदी फिकट पिवळं, लिंबू पिळल्यासारखं. मग तीच बाटली घेऊन मिस्टर गल्लीच्या तोंडाशी पहिल्या घरात गेले, तिथं पहिल्यापासून पिवळं धमक!! सकाळी टाकीतलं पाणी बघितलं तर परत बिनरंगी. म्हणजे येतंय चांगलं आणि मधेच कुठंतरी बिघडतंय, काका म्हणाले तसंच.

मग मिस्टर आणि शेजारचे दोघं बॅटरी घेऊन गटारीच्या कडेनं गेले, पाणी चालूच होतं. आमच्या अलीकडच्या तिसऱ्या घरासमोर फरशीखाली गटारीच्या पाण्यातून बुडबुडे येत होते, सारखे, भाताच्या पातेल्यात येतात तसे. फरशी उचलली तर गंजलेल्या पाईपला बोट जाईल एवढं भोक, त्यातून स्वच्छ पाणी गटारीत चाललेलं. कावीळ झालेली तिन्ही घरं त्या भोकाच्या पुढच्याच बाजूला आहेत. मला रडूच आलं, त्या फरशीवरून माझं पोर रोज सायकल काढतं.

व्हिडिओ काढलाय. अर्ज कसा करायचा, आणि नुसतं पॅच मारून जातील का हीच धास्ती आहे.

जुनाफिल्टरवाला:

फार चांगलं काम केलंत, हे शोधायला आम्हाला कधी कधी आठवडा लागायचा. अर्ज पाणीपुरवठा विभागाला लेखी द्या, पोच घ्या, व्हिडिओ आणि ओटीची वेळ-रंग सगळं लिहा, आणि एक प्रत आरोग्य विभागाला द्या, त्यात कावीळ झालेल्या घरांचा उल्लेख करा, मग दुर्लक्ष करणं अवघड जातं. कावीळ दूषित पाणी पोटात गेल्यावर पंधरा दिवसांपासून ते दीड-दोन महिन्यांनी सुद्धा उठते, म्हणजे आज भोक बुजवलं तरी गल्लीत आणखी एखादा पेशंट निघू शकतो, सगळ्यांना सांगून ठेवा आणि तोवर उकळूनच प्या.

पॅच मारू देऊ नका. तेवढा तुकडा काढून गटारीच्या बाहेरून, निदान गटारीच्या वरून पाईप घ्यायला सांगा, अर्जात हेच शब्द टाका. काम झाल्यावर लाईन क्लोरीनच्या पाण्यानं धुवून घ्यायला लावा आणि परत ओटी बघा.

सांजवात:

अर्ज दिला, पोच मिळाली, गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या आहेत. फिटर येऊन बघून गेला, सोमवारी पाईप आणतो म्हणाला. पाणी बहुतेक शुक्रवारी सुटेल, तोवर काम झालं तर पहिल्या मिनिटाची नळी भरून रंग काय आला ते इथं टाकते.